एका पाटीची कुळकथा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड येतात, लढाया येतात, तह आणि सनदा येतात. ते योग्यच आहे. पण वस्तूंनाही इतिहास असतो, आणि कधी कधी तो राजघराण्यांच्या इतिहासाइतकाच गुंतागुंतीचा असतो. त्यातही घराणी बुडतात, दत्तके होतात, वतने हातोहात फिरतात आणि बेवारस झालेल्या मुलाला भलताच कोणी तरी वाढवतो. आज आपण अशाच एका वस्तूची कुळकथा पाहणार आहोत. वस्तू म्हणाल तर पत्त्यांच्या जोडातील एका पत्त्याएवढी हिरवी पाटी. तिच्यावर काळ्या चिपा डकवलेल्या, कडेला कीबोर्ड, माऊस आणि पडदा जोडण्यासाठी खोबणी. ती टीव्हीला जोडली, नखाएवढे कार्ड तिच्या पोटात सरकवले आणि वीज दिली, की टीव्हीच्या पडद्यावर संगणक उभा राहतो. हिला रास्पबेरी पाय म्हणतात. आता काही शाळांच्या प्रयोगशाळांतून ती पोहोचली आहे आणि काही ठिकाणी कपाटात पडूनही आहे. ती कपाटात का पडते, याचे उत्तरही तिच्या इतिहासातच सापडते. म्हणून थोडे मागे जाऊ.

ही कथा सुरू होते एका नभोवाणी संस्थेपासून. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन, म्हणजे आपल्या परिचयाची बीबीसी, हिने १९८० च्या सुमारास ठरवले, की संगणक ही काय चीज आहे हे सामान्य माणसाला घरबसल्या समजावून द्यायचे. दूरचित्रवाणीवर कार्यक्रमांची मालिका करायची आणि त्या मालिकेबरोबर शिकता येईल असा एक स्वस्त संगणकही लोकांना मिळवून द्यायचा. केंब्रिज येथे हर्मन हाउझर आणि क्रिस करी या दोघांनी १९७८ साली काढलेली एकॉर्न नावाची छोटी कंपनी होती. तिने हे काम मिळवले. डिसेंबर १९८१ मध्ये बीबीसी मायक्रो हा संगणक बाजारात आला आणि १९८२ च्या जानेवारीत कार्यक्रम सुरू झाले. सुरुवातीचा अंदाज बारा हजार यंत्रे खपतील असा होता. प्रत्यक्षात पंधरा लाख खपली! १९८३ पासून तर बीबीसी दूरचित्रवाणीच्या लहरींवरून संगणकाचे प्रोग्रॅमच धाडू लागली. घरी योग्य ते उपकरण असले की हवेतून आलेला प्रोग्रॅम यंत्रात उतरवून घेता येई. आकाशवाणीच्या वाचकांना याचे कौतुक वाटेल म्हणून मुद्दाम सांगितले.

या यंत्राचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. १९८४ साली भारत सरकारने शाळांतून संगणक साक्षरतेची ‘क्लास’ ही योजना सुरू केली. आरंभी सुमारे अडीचशे शाळा निवडल्या, आणि त्या शाळांत जे संगणक गेले ते हेच बीबीसीचे. योजनेचा हेतू चांगला होता. पण विषयाला परीक्षेत स्थान नव्हते आणि शिक्षकांना मिळालेले प्रशिक्षण थोड्या दिवसांचे होते. ज्या विषयाला गुण नाहीत त्याचा तास सर्वांत आधी बुडतो, हे शाळेत काम करणाऱ्याला वेगळे सांगायला नको. यंत्र आले, पण ते कोणाच्या हाताला लागले, हा प्रश्न तेव्हाचा आहे आणि आजही तोच आहे.

आता मूळ कथा. बीबीसी मायक्रो खपला खरा, पण त्याचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, जुन्या पिढीचा होता. पुढच्या यंत्रासाठी एकॉर्नला नवा मेंदू हवा होता आणि बाजारात मिळणारा एकही त्यांच्या मनास येईना. कंपनीतील सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे दोघे १९८३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत अॅरिझोना संस्थानात एक कारखाना पाहायला गेले. तेथे जुन्या प्रोसेसरचा पुढचा अवतार तयार होत होता. त्यांना वाटले होते, की भव्य इमारत असेल, शेकडो इंजिनिअर असतील. पाहतात तो थोडीशी माणसे साध्या घरासारख्या जागेत बसून हे काम करीत आहेत! परतताना दोघांच्या मनात एकच विचार होता. यांना जमते, तर आपल्याला का जमू नये?

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात, बर्कली येथील विद्यापीठात, प्रोसेसरविषयी एक नवा विचार मांडला गेला होता. हा विचार समजून घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही, म्हणून थोडा वेळ इथे थांबू. प्रोसेसर म्हणजे हुकूम पाळणारा गडी. जुने प्रोसेसर अवघड हुकूम समजणारे होते. ‘विहिरीवर जा, दोन घागरी आण, एक देवघरात ठेव आणि दुसरी परसात ओत’ एवढा लांबलचक हुकूम एका दमात त्यांना देता येई. पण असा हुकूम समजून घेण्यातच गड्याचा वेळ जाई आणि त्याच्या डोक्याचा आकारही फुगे. बर्कलीच्या मंडळींचे म्हणणे असे, की हुकूम थोडे ठेवा, साधे ठेवा आणि गडी चपळ ठेवा. ‘जा’, ‘उचल’, ‘ठेव’ एवढेच. हुकूम संख्येने जास्त द्यावे लागतील, पण प्रत्येक हुकूम एका ठेक्यात उरकेल. या पद्धतीस रिस्क असे नाव पडले. विल्सन यांनी हुकमांची यादी ठरवली, फर्बर यांनी त्यांना अनुसरून आतील रचना आखली. नव्या प्रोसेसरची पहिली चाचणीही कागदोपत्री, म्हणजे त्याची नक्कल करणारा प्रोग्रॅम बीबीसी मायक्रोवरच चालवून केली. यातून निर्माण झालेल्या प्रोसेसरचे नाव एआरएम, म्हणजे एकॉर्न रिस्क मशीन.

पहिली चिप केंब्रिजला आली ती २६ एप्रिल १९८५ रोजी. तिच्यात सुमारे पंचवीस हजार ट्रान्झिस्टर होते. त्या काळच्या मोठ्या कंपन्यांच्या चिपांत याच्या कित्येक पट असत. चिप स्वस्त प्लॅस्टिकच्या वेष्टनात बसवायची, तर ती तापता कामा नये, म्हणून एक वॉटच्या आत भागले पाहिजे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. एकदा फर्बर यांनी चिप किती वीज खाते हे मोजण्यासाठी मीटर जोडला. काटा शून्यावर. चिप तर व्यवस्थित चालू! शोध घेता असे आढळले, की पाटीतील दोषामुळे चिपेला वीज मुळी मिळतच नव्हती. शेजारच्या तारांतून येणाऱ्या संकेतांची जी काही झिरप होत होती, तेवढ्यावर ती चालली होती. पुढे नीट मोजमाप केल्यावर खप वॉटच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास निघाला. काटकसर करायला निघालेल्या या माणसांना आपण काय करून बसलो याची तेव्हा कल्पना नव्हती. आज तुमच्या खिशातला मोबाइल दिवसभर चालतो, तो याच काटकसरीच्या पुण्याईवर.

मेंदू झाला. पण नुसत्या मेंदूला कोण विचारतो? पडद्यावर काय दिसावे, फाइल कोठे ठेवावी, कीबोर्डची कळ दाबली तर कोणाला कळवावे, हा सगळा कारभार पाहणारा एक कारभारी लागतो. त्यालाच ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. १९८७ च्या जूनमध्ये एकॉर्नने नव्या प्रोसेसरवर चालणारा आर्किमिडीज नावाचा संगणक काढला, तेव्हा त्यासाठी योजलेली कार्यप्रणाली वेळेत तयारच झाली नाही. मग घाईघाईने दुसरी लिहिली. तिचे नाव आर्थर. पुढच्या गुरुवारपर्यंत कशीबशी उरकायची म्हणून तिला हे नाव पडले, असा विनोद कंपनीत रूढ होता म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून केलेला विनोद आहे तो, मराठीत नीट उतरत नाही. असो. १९८९ साली तिची सुधारलेली आवृत्ती निघाली ती रिस्क ओएस.

ही रिस्क ओएस म्हणजे आपल्या पाटीच्या कथेतील पहिली नायिका. तिचे गुण पुष्कळ होते. ती यंत्रातील कायमच्या चिपेतच कोरलेली असे, त्यामुळे बटन दाबताच काही सेकंदांत पडदा हजर. पडद्याच्या तळाशी चित्रांची पट्टी. अक्षरे कडांना गुळगुळीत दिसत, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. पण एक उणीवही होती. एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालत, परंतु ते एकमेकांच्या भलमनसाईवर. ज्या गावी कालव्याच्या पाण्याची पाळी शेतकरी आपसांत सांभाळतात, तेथे प्रत्येकाने आपले काम झाले की आपण होऊन दार बंद करायचे असते. सगळे शहाणे असले तर फार सुरेख चालते. पण एकजण दार उघडे टाकून झोपला, की खालचे सगळे कोरडे. रिस्क ओएसमध्ये एक प्रोग्रॅम अडला, की सगळा संगणक अडे. दुसऱ्या काही कार्यप्रणाल्यांत पाटकरी असतो. तो घड्याळ पाहून दारे उघडतो आणि बंद करतो, कोणाच्या भलमनसाईवर अवलंबून राहत नाही. पुढे येणारी लिनक्स ही अशी पाटकऱ्याची व्यवस्था आहे.

यानंतर घराण्याचे दिवस फिरले. एकॉर्न पैशाच्या अडचणीत होतीच. १९८५ सालीच इटलीतील ओलिव्हेट्टी कंपनीने तिचा मोठा हिस्सा घेतला होता. १९९० च्या नोव्हेंबरात प्रोसेसरचे काम वेगळे काढून एकॉर्न, अॅपल आणि व्हीएलएसआय या तिघांनी मिळून एआरएम ही स्वतंत्र कंपनी केली. बारा इंजिनिअर आणि केंब्रिजजवळच्या एका खेड्यातील धान्याचे जुने कोठार, असा तिचा संसार. या कंपनीने स्वतः एकही चिप बनवली नाही. ती आराखडे करी आणि दुसऱ्यांना वापरायला देऊन त्याचे मोल घेई. मोबाइल फोनचे युग आले तेव्हा कमी विजेवर चालणारा हा मेंदू सर्वांनाच हवासा झाला. लेकीचे घर भरले, आईचे मात्र रिकामे झाले. १९९८ च्या सप्टेंबरात एकॉर्नने डेस्कटॉप संगणक करणे बंद केले. रिस्क ओएस पोरकी झाली. मग ती या कंपनीकडून त्या कंपनीकडे फिरली, तिच्या दोन पात्या झाल्या, हक्कांवरून तंटे झाले. देशमुखी वतनांची कागदपत्रे ज्यांनी चाळली आहेत त्यांना यात नवे काही वाटणार नाही.

आता दुसऱ्या बाजूने एक निराळी नदी येऊन मिळते. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स नावाचा कार्यप्रणालीचा गाभा लिहून तो सर्वांना खुला केला. तो इंटेलच्या प्रोसेसरसाठी होता. १९९४ साली रसेल किंग या इंग्रज तरुणाने तो एकॉर्नच्या यंत्रावर, म्हणजे एआरएम प्रोसेसरवर, आणला. तुम्ही म्हणाल, आणला म्हणजे काय केले? उचलून ठेवता येत नाही का? याचे उत्तर आपल्या ओळखीच्या एका उदाहरणाने देतो.

पेशवे दफ्तरातील मोडी कागद घ्या. मजकूर मराठीच आहे, पण केवळ बाळबोध शिकलेल्याला त्यातले एक अक्षर लागत नाही. इंटेल प्रोसेसरसाठी तयार झालेला प्रोग्रॅम आणि एआरएम प्रोसेसर यांचे नाते असेच आहे. मजकूर तोच, लिपी वेगळी. यावर उपाय दोन. पहिला उपाय, मूळ मजकूर ज्याच्यापाशी आहे त्याने तो दुसऱ्या लिपीत पुन्हा लिहून काढावा. लिनक्सचा मूळ मजकूर सर्वांना खुला असल्यामुळे हे काम कोणालाही करता येते. दुसरा उपाय, मोडी जाणणारा कारकून शेजारी बसवावा आणि तो जसजसा वाचेल तसतसे ऐकावे. याने काम होते, पण वेळ लागतो. ज्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर मालकाने कुलपात ठेवला आहे, त्याच्या बाबतीत एक तर मालकाची मर्जी सांभाळा, नाही तर कारकून बसवा. तिसरा मार्ग नाही. मायक्रोसॉफ्टसारखी बलाढ्य कंपनीही यातून सुटली नाही. २०१२ साली तिने एआरएमवर चालणारी विंडोज आरटी आणली. दिसायला ती नेहमीच्या विंडोजसारखी, पण लोकांचे जुने प्रोग्रॅम तिच्यावर चालेनात. कारकून बसवलाच नव्हता ना! पुढल्या वर्षी कंपनीला त्या यंत्रांपायी नव्वद कोटी डॉलर बुडीत धरावे लागले. कारकूनासह विंडोज आली ती २०१७ च्या अखेरीस.

लिपीचा प्रश्न सुटला तरी एक अडचण उरते, आणि ती अधिक चिवट आहे. साध्या पीसीमध्ये कार्यप्रणाली जागी झाली की ती यंत्रातल्या भागांना हाक मारते, आणि बहुतेक भाग ‘मी अमुक, इथे आहे’ असे उत्तर देतात. एआरएमच्या पाट्यांवर असा रिवाज नव्हता. हाक मारली तर कोणी ओ देत नसे. प्रत्येक कारखानदाराने भाग आपल्या सोयीने मांडलेले. त्यामुळे प्रत्येक पाटीसाठी लिनक्समध्ये वेगळे प्रकरण लिहावे लागे. अशी शेकडो प्रकरणे साचली, आणि २०११ साली टॉरवाल्ड्स यांनी जाहीरपणे त्रागा केला. मग ठरले, की प्रत्येक पाटीबरोबर तिच्या मांडणीचा एक वेगळा तक्ता द्यायचा. कोणता भाग कोठे आहे, किती जागेचा आहे, कोणाशी जोडला आहे. म्हणजे त्या पाटीचा सातबाराच म्हणा ना. कार्यप्रणालीने गावात येऊन हाका मारीत फिरायचे नाही, उतारा वाचायचा. कोणत्याही अनोळखी पाटीवर लिनक्स का चालत नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते, की तिचा उतारा कोणी लिहिलेला नसतो किंवा जुना झालेला असतो.

आता आपण आपल्या पाटीपाशी आलो. पुन्हा केंब्रिजच. तेथील विद्यापीठात संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांची संख्या नव्या शतकाच्या आरंभी घटू लागली होती, आणि जी येत त्यांना प्रोग्रॅम लिहिण्याची सवय कमी असे. एबेन अप्टन आणि त्यांचे सहकारी यांना याचे कारण स्पष्ट दिसत होते. त्यांची पिढी बीबीसी मायक्रोवर वाढली होती. ते यंत्र सुरू केले की पडद्यावर थेट लिहिण्याची जागा येई, लिहाल ते चाले किंवा चुके. आताच्या मुलांच्या घरी महाग संगणक होता, पण तो वडिलांचा होता आणि बिघडेल म्हणून त्याला हात लावायची परवानगी नव्हती. मुलांना असे यंत्र हवे, की जे बिघडवले तरी कोणी रागावणार नाही. या विचाराने २००९ मध्ये रास्पबेरी पाय फाउंडेशन ही धर्मादाय संस्था निघाली आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तिची पहिली पाटी विक्रीस आली. किंमत ३५ डॉलर. तिच्या नमुन्यांना ए आणि बी ही नावे बीबीसी मायक्रोच्या स्मरणार्थ दिली होती. पहिल्याच दिवशी ग्राहकांची अशी झुंबड उडाली, की विक्रेत्यांची संकेतस्थळे कोलमडली.

या पाटीवर डेस्कटॉप कसा आला, तो भाग मला सर्वांत वाचनीय वाटतो. लिनक्सच्या गाभ्याभोवती हजारो प्रोग्रॅम जमवून डेबियन नावाची मोठी वितरण-व्यवस्था स्वयंसेवकांनी उभी केली आहे. २००० सालापासून तिच्यात एआरएमचाही समावेश होता. पण २०१२ मध्ये तिच्याजवळ एआरएमसाठी दोनच मापे होती. एक जुन्या प्रोसेसरांसाठी. त्यात दशांशाची आकडेमोड प्रोसेसरच्या खास विभागाकडून न करता लांबच्या वाटेने केली जाई. दुसरे माप नव्या प्रोसेसरांसाठी. रास्पबेरी पायचा प्रोसेसर नेमका मधला निघाला. आकडेमोडीचा विभाग अंगात आहे, पण घराणे जुने. तयार कपड्यांच्या दुकानात एक सदरा घट्ट आणि दुसरा ढगळ व्हावा, तशी गत. ढगळ सदरा घालून पाटी चाले, पण रखडत.

माइक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन या दोघांनी सगळे डेबियन मधल्या मापाने पुन्हा शिवायला घेतले. ते फाउंडेशनचे नोकर नव्हते. आपल्या पदरच्या छोट्या एआरएम पाट्यांचा ताफा मांडून त्यांनी रात्रंदिवस हे लिप्यंतर चालवले, आणि जून २०१२ पर्यंत सुमारे पस्तीस हजार पॅकेजे तयार केली. या वितरणाचे नाव रास्पबियन. जुलैत फाउंडेशनने हीच आपली मुख्य कार्यप्रणाली म्हणून स्वीकारली. २०२० साली तिचे नाव बदलून रास्पबेरी पाय ओएस झाले. आज जी मुले या पाटीवर लिहितात, चित्रे काढतात, ती कोणाच्या मेहनतीवर बसली आहेत हे त्यांना कोणी सांगत नाही. निदान गुरुजींनी सांगावे.

खरे बोलायचे तर पहिल्या पाटीवरचा डेस्कटॉप सोसण्याजोगा होता, एवढेच म्हणता येईल. मेमरी २५६ मेगाबाइट, प्रोसेसर एकटा आणि मोबाइल फोनच्या मागच्या पिढीचा. संकेतस्थळ उघडायचे म्हणजे तेवढ्यात चहा करून यावे. २०१५ मध्ये दुसऱ्या पाटीत चार गाभ्यांचा प्रोसेसर आला, २०१६ मध्ये तिसरीत ६४ बिटांचा. पण रोजच्या कामाचा संगणक म्हणून तिला मान देता येईल, अशी स्थिती माझ्या मते २०१९ च्या जूनमध्ये आलेल्या चौथ्या पाटीने आणली. तिच्यात चार आणि पुढे आठ गिगाबाइटपर्यंत मेमरी मिळू लागली आणि दोन पडदे जोडता येऊ लागले. २०२० च्या ऑक्टोबरात उबुंटूनेही तिच्यासाठी आपला पूर्ण डेस्कटॉप अधिकृतपणे दिला. त्याच वर्षी फाउंडेशनने पाटी कीबोर्डच्या आतच बसवून पाय ४०० काढला, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीच्या बीबीसी मायक्रोचाच घाट पुन्हा. २०२३ मध्ये पाचवी पाटी आली.

यशाचीही एक किंमत असते. सहा कोटींहून अधिक पाट्या खपल्या, पण त्यांतला मोठा भाग मुलांकडे न जाता कारखान्यांकडे गेला. २०२१ नंतर चिपांचा दुष्काळ पडला, तेव्हा ज्या उद्योगांचा धंदा या पाटीवर उभा होता त्यांना आधी माल देण्यात आला. सुट्या ग्राहकाला, शाळेला, महिनोन्‌महिने पाटी मिळेना, आणि मिळाली तर दुप्पट दाम. त्या निर्णयामागची व्यावहारिक कारणे समजतात. तरीपण मुलांसाठी काढलेल्या वस्तूच्या रांगेत मुलेच शेवटी उभी राहिली, ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

आता खेड्यातील शाळेला उपयोगी पडेल असे थोडे सांगतो, कारण कपाटात गेलेल्या पाट्यांचा प्रश्न आपण मघाशी उभा केला आहे. या पाटीत हार्ड डिस्क नसते. सगळी कार्यप्रणाली त्या नखाएवढ्या एसडी कार्डावर असते. कार्डावर लिहिणे चालू असताना वीज गेली, तर लिहिलेले अर्धवट राहते आणि कधी कधी पुढच्या वेळी संगणक उठतच नाही. आपल्याकडे वीज कशी जाते हे सर्वांना ठाऊक आहे. लोक म्हणतात पाटी जळाली. पाटी सहसा जळलेली नसते, कार्डावरचा मजकूर बिघडलेला असतो, आणि तो पुन्हा उतरवून घेतला की काम भागते. म्हणून चांगल्या कार्डाची एक तयार प्रत नेहमी जवळ ठेवावी आणि काम संपल्यावर बटन ओढून न काढता पडद्यावरून रीतसर बंद करावे. दुसरे, मोबाइलच्या जुन्या चार्जरवर ती चालवू नये. वीज कमी पडली की पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे छोटे चित्र उमटते. ते नक्षी म्हणून उमटत नाही. तिसरे, चौथ्या पाटीपर्यंत हिच्यात स्वतःचे घड्याळ नाही. इंटरनेट असले तर ती वेळ विचारून घेते. नसले तर मागल्या खेपेची तारीखच आजची समजून चालते. मुलांच्या फाइलींवर भलत्या तारखा दिसल्या तर नवल मानू नये.

आणि मराठीचे काय? ते इथे बरे आहे. मराठीसह भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ठरवला. तो लिनक्समध्ये आयताच आहे. देवनागरी टंक खुले आणि मोफत मिळतात. कोणाचा परवाना नको, दरवर्षीचे पैसे नकोत. मुलाने पहिल्या दिवसापासून आपल्या लिपीत लिहावे, याला या पाटीवर कसलाही अडसर नाही.

राहिली पोरकी झालेली रिस्क ओएस. तिला वाऱ्यावर न सोडणारी मंडळी निघाली. २००६ मध्ये तिचा मूळ मजकूर खुला करण्यासाठी रिस्क ओएस ओपन ही छोटी संस्था उभी राहिली, आणि २०१२ च्या अखेरीस, पहिल्या पाटीला वर्ष होण्याच्या आतच, ती रास्पबेरी पायवर चालू लागली. २०१८ साली हक्कांचे तंटेही मिटले आणि ती पूर्ण खुल्या परवान्याखाली आली. आता तिच्यावर रोजची कामे करावीत असे मी कोणाला सांगणार नाही. चार गाभ्यांपैकी ती एकच वापरते आणि तिचा तो पाळीचा भोळा रिवाज अजून तसाच आहे. पण शाळेत एक जादा कार्ड असेल तर त्यावर ती उतरवून पाहा. चौथ्या पाटीपर्यंत चालते. काही सेकंदांत पडदा उभा राहील. मग एफ-१२ ही कळ दाबायची. तळाशी एक चांदणीचे चिन्ह येईल. त्यापुढे इंग्रजीत बेसिक असे लिहून एन्टर दाबा, की सोफी विल्सन यांनी १९८१ साली बीबीसी मायक्रोसाठी लिहिलेल्या भाषेचीच पुढची पिढी पडद्यावर हजर होते आणि मुलाने काही लिहावे म्हणून वाट पाहत थांबते. बाहेर पडायचे असेल तेव्हा क्विट लिहावे.